शिकविणारीचे शिक्षण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनी हळदीकुंकू, गाणी आणि बक्षीससमारंभ यांच्या मध्ये एक भाषण असावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. ते फार लांबू नये, अशीही प्रथा आहे. दोन्ही पाळण्याचा मी प्रयत्न करीन. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसलात, त्याविषयी चार शब्द सांगा." मी होकार दिला, पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती आधीच उघड सांगून टाकते.

आपणा सर्वांना ठाऊकच आहे की, यंदा मंडळाला एक चांगली देणगी मिळाली आहे. तिचा विनियोग कसा करावा, हे पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेत ठरायचे आहे. बालवाडी आणि शिवणवर्ग यांच्यासाठी भिंतीवर लावायचा मोठा स्मार्ट बोर्ड घ्यावा, अशी एक सूचना आली आहे. सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू अगदी चांगला आहे. आपल्या मुलांनी आणि मुलींनी मागे पडू नये, एवढीच त्यांची इच्छा. मला मात्र असे वाटते की, या पैशाचा पहिला वाटा यंत्रावर खर्च न करता आपल्या वर्गांत शिकविणाऱ्या एखाद्या बाईंच्या शिक्षणावर खर्च करावा. असे मला का वाटते, ते आपल्यापुढे मांडते. मग निर्णय सभेचा.

ज्या विषयाचा मी अभ्यास केला, त्याचे नाव शैक्षणिक तंत्रज्ञान. नाव ऐकले की डोळ्यांपुढे संगणक, पडदे आणि वायरींचा गुंता उभा राहतो. माझ्या सासूबाईंनी तर विचारले होते, "म्हणजे आता तू टीव्ही दुरुस्त करणार का ग?" त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता, कारण पुष्कळ शिक्षणसंस्थाही या विषयाचा अर्थ तसाच घेतात. प्रत्यक्षात हा विषय असा आहे: कोणाला, काय, कशासाठी शिकवायचे, ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या साधनाने शिकवले म्हणजे साधेल, आणि ते साधले की नाही हे कसे ओळखायचे, याचा पद्धतशीर विचार. साधन त्यात येते, पण ते रांगेत बरेच मागे उभे असते.

रांगेचा हा क्रम उलटा केला म्हणजे काय होते, याचा इतिहास मोठा आहे. १९१३ साली अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी असे भाकीत केले होते की, चलच्चित्रांमुळे शाळांतून पाठ्यपुस्तके लवकरच हद्दपार होतील. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुस्तके अजून दप्तरात आहेतच. चित्रपटानंतर रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी आली, मग संगणक आला. प्रत्येकाचे स्वागत याच शब्दांत झाले. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने तर गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्या योजनेचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. सामान्य विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी भर दिसली, पण गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र घरापर्यंत पोहोचले होते. त्याचे वर्गात काय करायचे, हे शिक्षकाला पुरेसे कोणी शिकवले नव्हते.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच देशातले. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने, आपल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. त्या प्रयोगाचे इंग्रजी लघुनाव 'साइट' असे होते. त्यात हजारो प्राथमिक शिक्षकांना सुट्टीच्या काळात विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण मिळाले. ते प्रशिक्षण नुसते पडद्यापुढे बसून झाले नाही. पडद्यावरच्या पाठाबरोबर छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि गटाला मदत करणारा मार्गदर्शक होता. पडदा हा त्या सगळ्यातला एक भाग होता. त्या अनुभवाच्या पाठीवर पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मुलांनी तिचे मराठी कार्यक्रम पाहिले असतील. २०१७ साली ती संस्था बंद झाली. यंत्रे आणि संस्था येतात, जातात. शिकवावे कसे याची जी समज त्यातून तयार होते, ती कोणाच्या तरी डोक्यात आणि हातात शिल्लक राहिली तरच उपयोगी पडते.

१९८३ साली रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हा मुद्दा फार सोप्या उपमेने मांडला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, वाणसामान घरपोच आणणाऱ्या गाडीमुळे माणसाचे पोषण होत नाही. पोषण सामानातून होते. शिकविण्याचे साधन ही ती गाडी. त्याचे म्हणणे सर्वांना मान्य झाले असे नाही. काही साधनांनी असे काही दाखवता येते, जे दुसऱ्या कशाने दाखवता येत नाही, असे रॉबर्ट कोझ्मा वगैरे विद्वानांनी त्याला उत्तर दिले. वाद अजून चालू आहे. पण गृहिणीला या वादातले शहाणपण चटकन कळते. गाडी मोठी आहे म्हणून स्वयंपाक चांगला होत नाही.

आणि हे शहाणपण आपण बाहेरून आणावे असेही नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले, आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. परदेशी बनावटीची महागडी शैक्षणिक साधने त्या पाड्यांवर परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून मोजणे, लावणे, ओळखणे शिकवले. साधन साधे होते, पण त्यामागचा विचार पक्का होता. ताराबाई त्याआधी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून, अभ्यास करून आलेल्या होत्या, हे विसरता कामा नये. साध्या साधनातून शिकविण्यासाठी शिकविणारीला अधिक शिकावे लागते.

आता माझ्या अभ्यासाविषयी. मी मुलींच्या शाळेत बावीस वर्षे विज्ञान शिकविल्यानंतर २०१४ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, शैक्षणिक तंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदविकेला नाव घातले. नोकरी सोडण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून दूरशिक्षण. टपालाने पुस्तके येत. ती वाचायची, स्वाध्याय लिहून अभ्यासकेंद्रावर द्यायचे, सत्राच्या शेवटी परीक्षा द्यायची आणि एक प्रकल्प करायचा. त्यात विषयाची ओळख होती, संप्रेषण होते, संगणक होता, आणि पाठ्यसाहित्याची आखणी होती. मुक्त विद्यापीठात एका श्रेयांकाला अभ्यासाचे ३० तास धरतात. ते तास घरातून कुठून काढायचे, हा आपणा बायकांचा खरा प्रश्नपत्रिकेबाहेरचा प्रश्न असतो. मी रात्री नऊ ते साडेदहा हा वेळ ठरवून घेतला. त्या वेळात दूध उतू गेले तरी मला हाक मारायची नाही, असा घरात ठराव झाला. दूध दोनदा उतू गेले. हाक कोणी मारली नाही.

अडचण इंग्रजीची होती. पुस्तके इंग्रजीत, आणि त्यातले शब्द असे की वाक्य तीनदा वाचावे तेव्हा अर्थ लागे. आम्ही तिघीजणी निरनिराळ्या शाळांतल्या होतो. दर रविवारी सकाळी याच मंडळाच्या मागच्या खोलीत बसून आम्ही प्रत्येक धडा मराठीत एकमेकींना सांगत असू. जो धडा मराठीत सांगता आला तो समजला, असे आम्ही ठरवले होते. त्या खोलीचे भाडे मंडळाने कधी मागितले नाही, याबद्दल आज जाहीर आभार मानते.

त्या अभ्यासात मला काय मिळाले, ते तीन उदाहरणांनी सांगते. एक शाळेतले आहे आणि दोन आपल्या मंडळातली आहेत.

पहिले उदाहरण चंद्रकलांचे. चंद्राच्या कला कशामुळे होतात, असे कोणालाही विचारा. पुष्कळ सुशिक्षित माणसेही सांगतात की, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. ते चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग सूर्यामुळे नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्या बाजूला येतो, यावर कला ठरते. माझ्या प्रकल्पासाठी मी हा पाठ घेतला. शाळेत पडदा होता आणि या विषयावरची एक सुंदर फिल्मही होती. मुलींनी ती शांतपणे पाहिली आणि "समजले" म्हणून माना डोलावल्या. मग मी फळ्यावर अष्टमीचा चंद्र काढून विचारले, "सूर्य कोणत्या बाजूला आहे?" तेव्हा बहुतेकींनी पुन्हा पृथ्वीच्या सावलीचेच उत्तर दिले. मला आरंभी हेच तपासायचे होते, की नुसते पाहण्याने काय साधते.

दुसऱ्या तुकडीला तीच फिल्म दाखवली, पण मध्येच थांबवली. प्रत्येकीला आपला अंदाज वहीत लिहायला लावला. खिडक्या बंद करून मध्ये एक दिवा लावला आणि प्रत्येकीच्या हातात एक मोसंबे दिले. मोसंबे हात लांब करून डोक्यापेक्षा थोडे वर धरायचे, स्वतःभोवती हळूहळू फिरायचे, आणि मोसंब्याचा उजळ भाग कसा बदलतो ते पाहायचे. दिव्याकडे पाठ केली की पौर्णिमा, दिव्याकडे तोंड केले की अमावास्या. त्यानंतर फिल्मचा उरलेला भाग दाखवला. या वेळी मुली गप्प बसल्या नाहीत, पडद्यावरच्या चंद्राशी वाद घालू लागल्या. फिल्म तीच, पडदा तोच. फिल्म केव्हा थांबवायची, कोणता प्रश्न विचारायचा आणि हातात काय द्यायचे, हे ठरवणे म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञान. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन प्राध्यापकांनी २००६ साली हे सूत्ररूपाने मांडले. शिक्षकाला विषय यावा लागतो, तो शिकविण्याची रीत यावी लागते आणि साधन वापरता यावे लागते. शिवाय या तिन्हींचा मेळ घालता यावा लागतो. दुकानात यांपैकी फक्त साधन विकत मिळते.

दुसरे उदाहरण आपल्या शिवणवर्गाचे. आपल्या शिवणवर्गाच्या बाईंच्या हाताला तोड नाही, हे सांगायला नको. तरी त्यांची एक तक्रार नेहमीची होती. वर्गात मुली ब्लाऊज बरोबर बेततात, आणि घरी जाऊन स्वतःच्या मापाचे कापले की मुंढा चुकतो, कापड वाया जाते. त्यांना वाटे, मुलींचे लक्ष नाही, बेतण्याची रीत मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवली पाहिजे. माझ्या अभ्यासात पहिली पायरी विश्लेषणाची असते, म्हणजे अडते कुठे ते आधी शोधायचे. म्हणून आम्ही दोघी मुलींजवळ बसलो आणि त्यांना मापे घेऊन मोठ्याने बोलत बेतायला सांगितले. पाचवी-सातवीतून शाळा सुटलेल्या मुली होत्या त्या. छाती चौतीस, तिचा चौथा भाग किती, इथेच त्या अडत होत्या. वर्गात बाई आकडा सांगत, घरी सांगणारे कोणी नव्हते. कात्री बरोबर चालत होती, अडत होता तो पाव आणि अर्ध्याचा हिशेब.

त्यावर इलाज निघाला तो टेपमध्येच. टेपचे टोक चौतिसाच्या आकड्यावर आणून टेप दुमडायची, तिची पुन्हा एक घडी घालायची. घडीची लांबी साडेआठ. चौथा भाग हातात आला. महिनाभर मुलींनी तसे केले आणि नंतर त्यांतल्या बऱ्याचजणी टेप न दुमडता तोंडी सांगू लागल्या. याला खर्च आला शून्य रुपये. मोठा पडदा असता, तर त्या मुलींनी तीच न समजलेली गोष्ट मोठ्या आकारात पाहिली असती.

मोबाईलचा उपयोगही आम्ही केला. बाईंच्या बेतण्याचे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडे चित्रित केले, एका तुकड्यात एकच पायरी. मोबाईल बाईंच्या समोर न धरता त्यांच्या खांद्यावरून खाली धरला. त्यामुळे पाहणारीला स्वतःच्याच हाताखाली कापड असल्यासारखे दिसते, डावे-उजवे उलटे होत नाही. पडद्यावर लांबलचक मजकूर लिहिला नाही, बाई बोलून सांगतात. एकाच वेळी चित्र पाहायचे आणि वाचायचेही, अशी डोळ्यांची ओढाताण केली की शिकणे अवघड होते, हे संशोधनाने दाखवले आहे. अशा बारीकसारीक गोष्टी त्या पदविकेत शिकायला मिळतात, आणि त्या शिकल्या की साधा मोबाईलही पुरतो.

तिसरे उदाहरण आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या मोबाईल वर्गाचे. या वर्गाला टाळ्या वाजवल्या पाहिजेत. वर्गाच्या शेवटी आलेले अभिप्रायही छान होते: "वर्ग आवडला, चहा चांगला होता." प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार प्रश्न सुचवले होते. शिकणाऱ्यांना वर्ग आवडला का? त्या काही शिकल्या का? शिकलेले त्यांनी आपल्या कामात वापरले का? आणि त्या वापराने काही फरक पडला का? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नावरच काम संपते. आपल्या चिटणीसबाईंनी महिन्याभराने तिसरा प्रश्न विचारला: "विजेचे बिल स्वतः कोणी भरले?" उत्तर आले की, बिल मुलगाच भरतो, कारण चुकीचे बटण दाबले तर पैसे जातील अशी भीती वाटते.

मग वर्गाचे उद्दिष्टच बदलले. "मोबाईलची ओळख" हे उद्दिष्ट नव्हे. ते तपासता येत नाही. "आजींनी स्वतःच्या हाताने एक बिल भरावे आणि फसवणुकीचा फोन ओळखावा" हे उद्दिष्ट. शेजारी बसलेल्या दोघींनी एकमेकींना एकेक रुपया पाठवायचा, असा सराव सुरू झाला. रुपया हरवला तर रुपयाच हरवेल, म्हणून भीती गेली. एक सभासद पडद्यामागून बँकेचा अधिकारी होऊन फोन करी आणि गोड बोलून पिन विचारी. एक आजी तिला म्हणाल्या, "बाळ, तुझ्या आईचा नंबर दे, तिच्याशीच बोलते." सारा वर्ग हसला, पण धडा पक्का झाला. तो धडा आजही सर्वांनी लक्षात ठेवावा: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. फोनवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगायचा नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचे.

अशा अभ्यासाचा आणखी एक फायदा म्हणजे माणूस सहजासहजी फसत नाही. प्रशिक्षणवर्गांतून एक तक्ता हमखास दाखवतात: वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, वगैरे. यंत्र विकणारे विक्रेतेही तो दाखवतात आणि खाली एडगर डेल यांचे नाव घालतात. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू मांडला होता हे खरे. पण त्यात असे टक्के नव्हतेच, ते नंतर कोणीतरी चिकटवले. विक्रेता आपल्या दारी येईल तेव्हा त्याला हे विचारू शकणारी एकतरी बाई मंडळात असावी, असे मला वाटते.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा या शिक्षणाची गरज साऱ्या जगाला कळली. एका रात्रीत शिक्षकांना मोबाईलवर शिकवायला सांगण्यात आले. वर्गात बोलतो तेच पाऊण तास मोबाईलपुढे बोलले की पाठ होतो, असा समज पसरला. मुले पलीकडे जेवत होती, झोपत होती. कित्येक घरी तर सगळ्या भावंडांत मिळून एक मोबाईल होता. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून मुलांपर्यंत मातृभाषेतले पाठ पोहोचविण्याच्या कामासाठी ते प्रसिद्ध आहेत. एक छोटा काळा-पांढरा चौकोन छापायला खर्च तो किती? मूल्य होते ते त्यामागच्या विचाराचे. आणि पुरस्काराच्या रकमेतला अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा सांगितली आहे.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी वाटा आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मुक्त विद्यापीठांचे मार्ग सोयीचे. मुंबईत राहता येत असेल, तर महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या आपल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे एस.एन.डी.टी.च्या, जुहू येथील आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधन करायचे असेल, तर पवईच्या आय.आय.टी.त २०१० पासून या विषयात पीएच.डी. करता येते. पदव्युत्तर अभ्यासाला पदवी लागते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी निराश होऊ नये. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या मंचावर पुष्कळ अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. अभ्यासक्रम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून नाव घालण्यापूर्वी विद्यापीठाकडेच चौकशी करावी. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: "यात प्रत्यक्ष शिकवून दाखवायचा प्रकल्प आहे का?" नसेल, तर तेथे संगणकाची बटणे शिकायला मिळतील, शिकविणे मिळणार नाही.

आता आक्षेपांकडे वळते. मला समोरून काही चेहरे दिसत आहेत, त्यांवर ते लिहिलेले आहेत.

पहिला आक्षेप: आपण खर्च करून बाईंना शिकवायचे, आणि त्या शिकून दुसरीकडे नोकरीला गेल्या तर? जाऊ शकतील. लेक शिकली म्हणजे ती सासरी जातेच, म्हणून तिला शिकवायचे थांबवत नाही आपण. तरीही व्यवहार पाहावा. त्यांनी आपला प्रकल्प आपल्याच वर्गांवर करावा, त्याची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी, आणि महिन्यातून एका शनिवारी इतर शिक्षिकांना शिकवावे, अशी अट घालता येईल. आपल्या शिवणवर्गाच्या बाईंकडे पदवी नाही. त्यांना हे ज्ञान या शनिवारच्या बैठकींतून मिळेल. आणि त्यांच्या हातातले कसब पुस्तकात कसे उतरवावे, हे पदवीधर बाईंना त्यांच्याकडून शिकता येईल.

दुसरा आक्षेप: बोर्ड भिंतीवर दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो, बाईंचे शिक्षण कसे दाखवणार? खरे आहे, ते दिसत नाही. मुंढा बरोबर बसलेला ब्लाऊज दिसतो, स्वतः बिल भरणारी आजी दिसते. देणगीदारांना आपण तेच दाखवू.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मी तो घरोघरी ऐकला आहे: आता या वयात बाईने काय शिकायचे? संसार, मुलांची लग्ने, सासूसासऱ्यांचे आजारपण यांतून उरलेला वेळ ती आपला वेळ समजते, आणि तोही देऊन टाकते. आमच्या तिघींपैकी एक मैत्रीण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास सोडून बसली, कारण घरातून तिला एवढेच ऐकवले गेले होते की, "पास होऊन पगार वाढणार आहे का?" पगार वाढणार नव्हता. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, स्वयंपाकघरात बसून तिच्याकडून दोन धडे म्हणवून घेतले आणि तिला परीक्षेला नेले. आज ती आपल्या शाळेत नव्या शिक्षकांना मार्गदर्शन करते. तिला अडवणारे कारण ना बुद्धीचे होते, ना शुल्काचे. सोबत नसण्याचे होते. ती सोबत देणे हेच महिला मंडळाचे काम आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

मी स्मार्ट बोर्डाच्या विरुद्ध नाही. शिकलेल्या बाई उद्या स्वतःच म्हणतील की, अमुक पाठासाठी अमुक साधन हवे, आणि ते का हवे हेही सांगतील. तेव्हा आपण ते आनंदाने घेऊ. कदाचित त्यांची मागणी एका चांगल्या दिव्याची आणि मोबाईल उभा धरणाऱ्या स्टँडची असेल, आणि आपले पुष्कळ पैसे वाचतील.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सर्वसाधारण सभेत देणगीतून एक शिक्षणनिधी वेगळा काढावा. त्यातून दरवर्षी आपल्या वर्गांतील एका शिक्षिकेचे शुल्क आणि पुस्तकांचा खर्च भागवावा, आणि रविवारी सकाळी मागची खोली अभ्यासासाठी मोकळी ठेवावी. पहिल्या वर्षी बालवाडीच्या मुख्य बाईंनी नाव घालावे, असे मी सुचवते. मी त्यांना अद्याप विचारलेले नाही. त्या आज समोर बसल्या आहेत आणि माझ्याकडे जरा रागाने पाहत आहेत, तरी मला आशा आहे. इंग्रजी धडे मराठीत समजून घ्यायला मी दर रविवारी येईन, हा माझा शब्द.